रत्नपालचे साक्षीदार

संस्थेचे सचिव घनश्यामजी यांनी लॅपटॉपकडं पाहिलं, पण ते पोट भरल्यावर आग्रहाच्या पुरीकडं पाहावं तसं.

"रहने दो," ते म्हणाले.

रत्नपाल शहारेनं लॅपटॉप अर्धाच उघडला होता. तो तसाच हातात धरून तो उभा राहिला. गोंदियातल्या त्या शिक्षण संस्थेच्या बऱ्याच शाळा होत्या, दोन कॉलेजं होती, एक नर्सिंगची शाळा होती. या सगळ्यांच्या वेबसाइट बनवायच्या आणि पुढं वर्षानुवर्षं सांभाळायच्या, असं काम निघालं होतं. ते मिळावं म्हणून रत्नपाल आमगावहून सकाळच्या पॅसेंजरनं इस्त्रीचा शर्ट सांभाळत आला होता.

"सर, मागं केलेलं काम दाखवतो. पाच मिनिटं."

"काम तो नागपूरवाले भी दिखा गए. बहुत बढ़िया था. गोल-गोल घूमता था." घनश्यामजींनी बोटानं हवेत ते फिरवून दाखवलं. "घुमानेवाले बहुत मिलते हैं, भाई. आप ऐसा करो, जिनकी बनाई है उनको लेके आओ. तीन आदमी. कमिटीसमोर बसतील, चाय पितील, काय ते सांगतील. सोयरीक करताना आपण पोराचा फोटो पाहून देतो का पोरगी? त्याच्या गावात जाऊन विचारतो."

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. या जिल्ह्यात विहीर खणणारा, लग्नाचा आचारी आणि बँडवाला यांची परीक्षा अशीच होत आली आहे. ज्याच्या दारात काम झालं, त्याला विचारायचं. वेबसाइटला दार नसतं, एवढी एक अडचण होती; ती घनश्यामजींनी माणसं मागवून दूर केली.

रत्नपालला हे काम हवं होतं, आणि का हवं होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बहीण रश्मी लग्न होऊन पुण्याला गेली होती. तिचा नवरा प्रफुल्ल यानं त्याच्यासाठी एका कंपनीत शब्द टाकला होता आणि कंपनी तयार होती. जूनच्या आत हो की नाही कळवायचं होतं. काम एका मोठ्या बँकेच्या साइटचं. पण ते करायला अख्खी पलटण होती आणि रत्नपालच्या वाट्याला पानाची डावी बाजू येणार होती. बारा वर्षं त्यानं पानाची डावी, उजवी, वर मालकाचा फोटो आणि खाली फोन नंबर असं सगळं एकट्यानं केलं होतं. कोणत्या साइटला कोणाच्या आजोबांचा फोटो लागतो आणि कुठं लावला म्हणजे भाऊबंदकी होत नाही, हे ज्ञान पुण्यात कोणी विचारणार नव्हतं. संस्थेचं काम मिळालं तर तो आमगावात राहणार होता. नाही मिळालं तर झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीची किल्ली परत करून पुण्याला जाणार होता.

वडील देवाजी रेल्वेत गँगमन होते. उन्हातान्हात रुळांवरून चालून त्यांनी दोन लेकरं शिकवली आणि मग निवृत्त झाले. पुण्याच्या नोकरीबद्दल ते चांगलं म्हणत नव्हते, वाईटही म्हणत नव्हते. फक्त अधूनमधून जेवताना विचारत, "पुन्याचं पानी कसं असते?"

"चांगलं असते म्हणते रश्मी."

"हूं," देवाजी म्हणत, आणि आमगावचं पाणी गटागटा पीत.

*

रत्नपालची पहिली साइट गिऱ्हाइकाची नव्हती. १९९९ साली तो नागपुरात शिकत असताना एका सायबर कॅफेत त्यानं इंटरनेट पाहिलं, आणि पाहिल्या पाहिल्या त्याला वाटलं की यात आपली वस्ती नाही. ही उणीव त्यानं पुढल्याच वर्षी भरून काढली. आमगावच्या वस्तीतलं विहार आणि चौदा एप्रिलची मिरवणूक यांचे फोटो स्कॅन करून त्यानं एक साधं पान बनवलं. गोंदियात तेव्हा नुकतीच सायबर कॅफे निघाली होती. तिथं त्यानं देवाजींना पान दाखवायला नेलं. पडद्यावर वरून खाली, हळूहळू, बुद्धमूर्ती उमटू लागली. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेतून येई आणि मूर्तीलाही घाई नसे. कपाळ दिसलं, डोळे दिसले. देवाजी उठले, दाराबाहेर गेले, चपला काढून आले आणि पुन्हा बसले. कॅफेच्या मालकाला वाटलं आता सगळ्यांनीच काढायच्या की काय. त्यानंही टेबलाखाली हळूच पाय मोकळे केले.

पहिलं गिऱ्हाईक भेटलं ते २००२ साली. गोंदियातले राइस मिलवाले भैयाजी. त्यांना वेबसाइट कशासाठी हवी ते माहीत नव्हतं, पण समोरच्या मिलवाल्याकडं नाही एवढं माहीत होतं. रत्नपालनं तांदळाच्या जातींची यादी केली, मिलचे फोटो काढले, आणि किती लोकांनी साइट पाहिली ते मोजणारा आकडा खाली लावला. भैयाजींनी आकड्यावर बोट ठेवलं.

"ये शून्य क्यों है?"

"अजून कोणी पाहिली नाही, भैयाजी. आजच सुरू झाली."

"रतन बाबू, शून्य से कोई धंदा शुरू करता है क्या? बोहनी हुई नहीं और दुकान में लिख दिया कि बोहनी नहीं हुई!"

आकडा शुभ रकमेवर ठेवण्यात आला, म्हणजे शेवटी एक असलेल्या. भैयाजींच्या वडिलांच्या हार घातलेल्या फोटोपुढं एक पणती हवी होती; ती तेवती हवी होती. रत्नपालनं ती तेवती केली. साइट सुरू झाली त्या दिवशी मुनीमजींनी मॉनिटरला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्यातलं पाणी की-बोर्डवर पडता पडता राहिलं.

खरी गंमत नंतर कळली. ऑफिसात इंटरनेट कधी चाले, कधी न चाले. म्हणून रत्नपालनं साइटची एक प्रत भैयाजींच्या कॉम्प्युटरवरच ठेवून दिली होती. भैयाजींचा समज झाला की साइट म्हणजे हाच डबा. जगात कुठंही कोणी त्यांचा तांदूळ पाहतो तो यातूनच पाहतो. त्यांनी कॉम्प्युटर बंद करायची मनाई केली. लाइट गेली की आधी इन्व्हर्टर, मग जनरेटर. मिल थांबली तरी चालेल, पण डबा नाही.

रत्नपालनं दोनदा समजावून सांगितलं. "भैयाजी, साइट इथं नाही राहत. दूर, एका मोठ्या मशीनवर राहते."

"तू कहता है तो रहती होगी," भैयाजी म्हणाले. "लेकिन मैं बंद नहीं करूँगा. अमेरिका में अभी दिन निकला होगा, कोई देखता होगा."

पुढं भैयाजींनी दूरच्या मशीनवरची जागा चालू ठेवायचं सोडून दिलं, कारण असल्या न दिसणाऱ्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. जगातून साइट गेली. भैयाजींच्या टेबलावर मात्र ती अखंड तेवत राहिली.

दुसरं नाव घ्यायचं ते भोजराजचं. भोजराजची नाटक कंपनी. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीतल्या गावागावांत तिचे प्रयोग होत. २००६ साली त्याला साइट हवी होती, म्हणजे गावांना कोणती तारीख रिकामी आहे ते कळेल आणि बुकिंग होईल. तारखांचं काम रत्नपालनं दोन दिवसांत केलं. अडलं ते फोटोंवर. नायिकेचं म्हणणं, पहिला फोटो तिचा. विनोदी नटाचं म्हणणं, लोक नाटकाला येतात ते त्याच्यासाठी. नायिका काय, कोणत्याही नाटकात असते. खलनायक सराव सोडून बसला.

"भाऊ, साइट राहू दे," भोजराज रडकुंडीला येऊन म्हणाला. "कंपनीच फुटून राहिली."

रत्नपालनं एक रात्र विचार केला. मग त्यानं असं केलं की साइट उघडली की दर वेळी वेगळ्याच नटाचा फोटो पहिला यावा. नटमंडळी वेगवेगळ्या गावांतल्या कॅफेत जाऊन तपासून आली. प्रत्येकाला कधी ना कधी आपला चेहरा सगळ्यांत वर दिसला आणि तोच खरा क्रम असं प्रत्येकानं मनाशी ठरवलं. कंपनी अजून एकत्र आहे. भोजराज हे रत्नपालचे उपकार मानतो, आणि तो नाटकवाला असल्यामुळं मोठ्यानं मानतो.

बाकीच्या गिऱ्हाइकांपैकी लॉजवाल्यानं लॉज मोडून मंगल कार्यालय काढलं होतं. शिकवणीवाले सर रायपूरला निघून गेले होते. जिल्हा परिषदेचा एक उमेदवार पडला होता. त्याच्या साइटवर तो अजून 'आपला हक्काचा माणूस' होता, पण फोन लागत नव्हता.

म्हणजे साक्षीदार झाले दोन. तिसरं नाव होतं. रत्नपालला ते घ्यायचं नव्हतं.

*

तिसरं नाव केशोरावांचं.

याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या अलीकडं सालईबोडी नावाचं गाव आहे. केशोराव तिथले, तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातले जुने शेतकरी. गावचा तलाव त्यांच्या वाडवडिलांनी बांधला. त्याच्या पाळीवरून ते अजून असे चालतात, की जणू काल रात्रीच माती टाकली आहे. गावच्या मंडईचे तेच प्रमुख.

मंडई म्हटलं की पुण्याच्या माणसाला कोथिंबीर आठवते. इकडं दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्रा भरते. दिवसा दंडार म्हणजे नाचगाण्याचं सोंग, खेळण्यांची आणि मिठाईची दुकानं, रात्री नाटक. प्रत्येक गाव आपली तारीख दिवाळीकडं पाहून आणि शेजारच्या गावाची तारीख चुकवून ठरवतं. आणि त्या दिवशी घरोघरी लेकी-जावई येतात. जावई आला नाही तर मंडई झाली असं म्हणायला जीभ वळत नाही.

त्यामुळं दरवर्षी दसरा उलटला की केशोरावांचा फोन वाजू लागे. सुरतेहून, हैदराबादेहून, भिलाईहून. "काका, मंडई कधी हाय?" सुट्टी काढायची असे, रेल्वेचं तिकीट काढायचं असे.

"सारी झाडीपट्टी मलेच विचारून राहिली," केशोराव २००८ साली रत्नपालला म्हणाले. "मी का पंचांग हो? तू असं काही करून दे का माया फोन बंद झाला पायजे."

रत्नपालनं गावाची साइट केली. वर तलावाचा फोटो, मधोमध लाल अक्षरांत मंडईची तारीख, आणि खाली 'मंडईला इतके दिवस राहिले'. रोज सकाळी एक दिवस आपोआप कमी होई. त्या वर्षी मंडई चार नोव्हेंबरला होती. जावई सगळे आले, केशोरावांचा फोन गप्प राहिला, रत्नपालला फेटा बांधला गेला. आणि परत परत आपल्याला हात लावायला नको म्हणून त्यानं अशी सोय करून ठेवली, की चार नोव्हेंबर उलटला की साइटनं आपली आपण पुढच्या चार नोव्हेंबरची मोजणी सुरू करावी.

ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. रत्नपालच्या घरात वर्षातला मोठा दिवस म्हणजे चौदा एप्रिल, आणि चौदा एप्रिल दरवर्षी चौदा एप्रिललाच येतो. त्यानं लहानपणापासून पाहिलेला उत्सव तारीख पाळणारा होता. दिवाळी चंद्राच्या मर्जीनं पुढंमागं सरकते, हे त्याला माहीत होतं. पण बोटांना माहीत नव्हतं, आणि कामाच्या वेळी बोटंच पुढं असतात.

२००९ साली दिवाळी चांगली दहा-अकरा दिवस आधी आली. सालईबोडीनं दिवाळीपाठोपाठ मंडई भरवली. गावात कोणाला साइट पाहायची गरज नव्हती. तारीख त्यांनीच ठरवली होती. दुकानं आली, दंडार झाली, घरोघरी वडे तळले गेले.

जावई एकही आला नाही.

आता कोणी एकानं एक फोन केला असता तर उलगडा झाला असता. पण न आलेल्या जावयाला फोन करणं म्हणजे आपलंच काही चुकलं असं कबूल करणं. आणि शेजाऱ्याला विचारणं म्हणजे आपला आला नाही हे सांगणं. म्हणून प्रत्येक घर दार लोटून बसलं. पाणवठ्यावर भेट झालीच तर बायका एकमेकींना कारणं सांगत. "आमच्या जावयाले साहेबानं सोडलंच नाही." "आमच्याच्या कंपनीत तपासनी लागली." त्या दिवशी सालईबोडीत साऱ्या देशाची सुट्टी एकदम रद्द झाली होती आणि कोणालाच त्यात काही नवल वाटत नव्हतं. केशोरावांच्या पत्नी सुभद्राबाईंनी तीन दिवस नवऱ्याला ऐकवलं, "मागल्या साली तुमीच हिमांशु जावयाले बोलले होते, पोट सुटलं म्हनून. घ्या आता."

मग चार नोव्हेंबर उजाडला. सकाळच्या एसटीतून, काळीपिवळीतून, मोटरसायकलींवरून पिशव्या घेतलेली माणसं उतरू लागली. हिमांशु सुरतेहून दोन गाड्या बदलून आला होता. तो अंगणात शिरला तर सुभद्राबाईंच्या तोंडून निघून गेलं, "आता कायले आले?"

जावयाला विचारायचा हा प्रश्न नव्हे. हिमांशुनं खिशातून कागद काढला. ऑफिसात साइट उघडून त्यानं छापूनच आणली होती. "आज मंडई आहे ना, मामी?"

तासाभरात साऱ्या गावाला कळलं की जावई रुसले नव्हते. त्यानंतर आनंद थोडा वेळ टिकला, आणि मग केशोरावांनी फोन उचलला.

"रत्नपाल, तू आत्ता ये गावात."

"काय झालं, काका?"

"तुया साइटीनं सांगलं तसं सारे जावई आले. मंडई झाली मागंच. आता मी यायले काय दाखवू, तलाव? तू ये. अन् येताना मंडई घेऊन ये."

रत्नपालनं मोटरसायकल काढली. निघण्याआधी त्यानं भोजराजच्या साइटवर पाहिलं; तिथल्या तारखा रत्नपालच भरत असे. चार नोव्हेंबर रिकामा होता. त्यानं भोजराजला फोन लावला.

"आज? भाऊ, आज सुट्टी हाय. पोरं कपडे धून राहिली. राजाचा अंगरखा तारेवर हाय."

"ओला घाला."

"राजाले सर्दी होईल ना!"

"भोजराजभाऊ, नायिका अन् विनोदी नट अजून बोलतात ना एकमेकांशी?"

पलीकडं अंगरखा पिळल्याचा आवाज आला. "येतो," भोजराज म्हणाला. "ओल्यानंच येतो."

त्या दिवशी रत्नपालनं सालईबोडीत खांबाला दोर बांधले, पत्रावळी वाढल्या, उचलल्या, आणि ज्याला ज्याला शिवी द्यायची होती त्याला ती देऊ दिली. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत नाटक उभं राहिलं. राजाच्या अंगरख्यातून पहिल्या अंकभर पाणी टपकत होतं. प्रेक्षकांना वाटलं, रणातून घामाघूम होऊन आला आहे, टाळ्या पडल्या.

त्यानंतर रत्नपालनं साइटवरची आपोआप चालणारी मोजणी काढून टाकली. दसरा झाला की तो स्वतः केशोरावांना फोन करी, "काका, मंडई कधी हाय?" केशोराव तारीख सांगत आणि फोन ठेवून देत. एक शब्द जास्त नाही. ते अजून रागावलेले आहेत, असं रत्नपालनं धरून चाललं होतं.

*

"केशोरावले काऊन नाही विचारत?" देवाजी म्हणाले.

"बाबा, तिथं माझ्या हातून घोटाळा झाला. साक्षीदार म्हणून त्यांनाच नेऊ?"

देवाजींनी पाण्याचा लोटा खाली ठेवला. "गाडी येते-जाते तवरी गँगमनले कोनी पाहते का? रूळ तुटला म्हनजे पाहते. तो आला का नाही, ते पाहते. केशोरावनं तुले पाहून ठेवलं हाय. बाकीचे तुले पाहूनच नाही राहिले, ते आपले फोटो पाहून राहिले."

इतकं लांबलचक देवाजी वर्षातून एखाद्या वेळी बोलत. रत्नपालनं दुसऱ्या दिवशी मोटरसायकल काढली.

मे महिना होता. तलाव आटून मधोमध गोळा झाला होता. केशोराव पाळीवर उभे राहून गाळ काढणाऱ्यांना सूचना देत होते. त्यांनी रत्नपालचं सगळं ऐकून घेतलं. घनश्यामजी, तीन माणसं, पुणे, पानाची डावी बाजू.

"म्हनजे मी नाही आलो तर तू पुन्याले जाशीन?"

"नाही आले तर काम नाही मिळणार. मग जावंच लागेल."

"येतो," केशोराव म्हणाले. "पन मी जे झालं ते सांगीन. माया तोंडानं रंगरंगोटी नाही होत."

"सांगा," रत्नपाल म्हणाला. परतताना प्रतापगडाचा डोंगर बराच वेळ आरशात दिसत राहिला. आपण आपल्याच हातानं साक्षीदार नाही, फिर्यादी ठरवून आलो, असं त्याला वाटत होतं.

*

कमिटीच्या खोलीत पाच जण बसले होते. चहा आला. घनश्यामजींनी वरचं बिस्किट उचललं आणि भैयाजींना सुरू करायची खूण केली.

भैयाजी म्हणाले, "मेरी साइट दस साल से एक मिनट बंद नहीं हुई. मिल बंद हुई, साइट नहीं." कमिटीनं माना डोलावल्या. रत्नपालनं नजर चहाच्या कपात ठेवली. भैयाजी पुढं म्हणाले की त्यांच्या वडिलांसमोरची पणतीही कधी विझली नाही, आणि हे खरंच होतं.

भोजराज उभा राहिला. बसून बोलायची त्याला सवय नव्हती. "मायबाप कमिटी!" तो म्हणाला, आणि बाहेरच्या चपराशानं दारातून डोकं आत घातलं. "हा माणूस नसता तर माझी कंपनी आज दहा दिशांना गेली असती! कलावंत आग असतो, मायबाप. यानं त्या आगीला पाळी लावून दिली!" एका सदस्यानं टाळ्या वाजवल्या आणि बाकीच्यांकडं पाहून थांबवल्या.

मग केशोराव. त्यांनी उपरणं मांडीवर ठेवलं.

"यायच्या साइटीनं," ते म्हणाले, "माया गावाची मंडई बुडवली."

घनश्यामजींचं बिस्किट अर्ध्यावर थांबलं. केशोरावांनी काही सोडलं नाही. लोटलेली दारं, सुभद्राबाईंचं बोलणं, जावयाला अंगणात विचारलेला प्रश्न, छापलेला कागद. हिमांशुच्या पोटाची गोष्टही सांगितली. रत्नपालला वाटलं, पुण्याचं पाणी कसं असतं ते आता बाबांना कळवता येईल.

"अरे बाप रे," घनश्यामजी म्हणाले. "फिर?"

"मंग काय. बोलावला. सांगलं का मंडई घेऊन ये. घेऊन आला." केशोरावांनी भोजराजकडं बोट दाखवलं. "हे ओले आले होते."

"अंगरखा ओला होता," भोजराजनं दुरुस्ती केली.

"जावई म्हनाले अशी मंडई पाहिली नाही. दुसऱ्या साली पोरी म्हनाल्या, तेही करा. आता आमच्या गावात दोन मंडया होतात. एक गावची, एक जावयायची. आजूबाजूच्या गावात कोठंच नाही." केशोरावांनी उपरणं सारखं केलं. ही शेवटची गोष्ट त्यांनी जराशा अभिमानानं सांगितली हे त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी लगेच आवाज चढवला. "पन घोटाळा तो घोटाळा. मी रंग देत नाही. तुमच्या इथंही हा करीन एखादा. कोन नाही करत? मले एक सांगा, तुमच्या नागपूरवाल्यानं घोटाळा केला तर तुमी कोनाच्या दारात जाल?"

घनश्यामजी सदस्यांकडं वळले. "उनका ऑफिस कौनसे मोहल्ले में है?"

कोणाला माहीत नव्हतं. एका सदस्यानं कार्ड शोधून काढलं. कार्डावर नाव होतं, ईमेल होता, आणि एक चकचकीत गोल होता, तो कार्डावर फिरत नव्हता.

"और इसका घर?" घनश्यामजींनी रत्नपालकडं न पाहता विचारलं.

"आमगाव," केशोराव, भैयाजी आणि भोजराज एकदम म्हणाले. "स्टेशनच्या मागं," केशोरावांनी भर घातली. "बाप गँगमन होता. कोनालेही विचारा."

घनश्यामजींनी उरलेलं बिस्किट खाल्लं, चहाचा घोट घेतला आणि काम रत्नपालला दिलं. एक अट घातली. परीक्षा, सुट्ट्या, निकाल, यातली एकही तारीख आपोआप बदलायची नाही. "हर बार फोन करके पूछोगे. समझे?"

"समजलं, सर."

खाली उतरल्यावर रत्नपालला केशोरावांचे आभार मानायचे होते. त्यांनी संधी दिली नाही. "माही गाडी चुकते," ते म्हणाले आणि चालू लागले. चार पावलांवर थांबून, न वळता म्हणाले, "तू दर साली फोन करतेस तं लवकर ठेवू नको. घरी सुभद्रा विचारते, पोरगा बरा हाय का म्हनून. मले काही सांगता येत नाही."

दर वेळी फोन कोण ठेवत होतं ते रत्नपालला ठाऊक होतं. "नाही ठेवणार, काका," तो म्हणाला.

संध्याकाळी त्यानं प्रफुल्लला नकार कळवला. जेवताना देवाजींनी निकाल विचारला नाही. ताटाकडं पाहत ते म्हणाले, "पुन्याचं पानी..."

"कसं असते ते आता नाही कळणार, बाबा."

"हूं," देवाजी म्हणाले, आणि त्यांनी लोटा त्याच्यापुढं सरकवला.

त्या वर्षी दसरा झाल्यावर रत्नपालनं सालईबोडीला फोन लावला. दूर कुठं तरी सुभद्राबाई भांडी घासत असल्याचा आवाज येत होता.

"काका, मंडई कधी हाय?"

"कोनती?" केशोराव म्हणाले. "आमची का जावयायची? थांब, दोनीही लिहून घे. अन् फोन ठेवू नको, हिले बोलायचं हाय."